फ्रान्सची आधुनिक टॅपेस्ट्री, ओब्युसों गाव आणि दोम रोबेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकातल्या फ्रेंच टॅपेस्ट्रीत कोंबडे, शेळ्या, रानफुलं आणि गवताची पाती इतकी का दिसतात? आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची विणकामाची रीत आधुनिक चित्रकारांनी मुद्दाम पुन्हा का धरली? या विषयाची गोडी लागलेले वाचक हे दोन प्रश्न फिरून फिरून विचारतात. बाकीचे प्रश्न त्यांच्याच पोटातले आहेत.

टॅपेस्ट्री म्हणजे नेमकं काय? भिंतीवर टांगलेलं कुठलंही कापड म्हणजे टॅपेस्ट्री का?

नाही. टॅपेस्ट्रीत चित्र कापडावर काढलेलं, छापलेलं किंवा टाक्यांनी भरलेलं नसतं. कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतं. ताण्याचे उभे धागे मागावर ताणलेले असतात. बाण्याचा आडवा धागा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. हिरव्या पानापुरता हिरवा धागा पुढे-मागे फिरतो आणि पानाच्या कडेला थांबतो. तिथून पुढे दुसऱ्या रंगाची कांडी काम करते. बाणा इतका घट्ट ठोकलेला असतो की ताणा दिसतच नाही.

मराठी वाचकाला हे समजायला लांब जायला नको. पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, मोराच्या मानेपुरताच तो रंग, आणि दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं कापड. येवल्याच्या विणकराला ओब्युसोंच्या मागासमोर बसवलं, तर लोकरीचा जाडपणा खटकेल, पण हाताला काम ओळखीचं वाटेल.

मग बायो या फ्रेंच गावची प्रसिद्ध टॅपेस्ट्री?

नाव टॅपेस्ट्री, वस्तू भरतकाम. अकराव्या शतकातला तो सुमारे ७० मीटर लांबीचा पट्टा लिननच्या कापडावर लोकरीच्या टाक्यांनी भरलेला आहे. नाव रूढ झालंय, आता कोण बदलणार!

ओब्युसों कुठे आहे आणि सगळं तिथेच का येऊन थांबतं?

मध्य फ्रान्समध्ये, क्रोझ नावाच्या नदीकाठी. डोंगराळ, विरळ वस्तीचा, मेंढ्यांचा मुलूख. शेजारचं फेल्तां हे गावही याच धंद्याचं. पंधराव्या शतकापासून इथे विणकर असल्याचे दाखले मिळतात. १६६५ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं ओब्युसोंच्या मागांना ‘राजेशाही कारखाना’ हा किताब दिला. प्रत्यक्षात तो एक कारखाना नव्हताच. घराघरांत पसरलेले माग होते. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात फक्त राजासाठी काम चाले, ओब्युसोंचे विणकर मात्र गिऱ्हाइकासाठी विणत. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना असलेलं धार्मिक स्वातंत्र्य राजानं काढून घेतलं आणि इथले कितीतरी विणकर देश सोडून गेले. तरीही धंदा टिकला.

इथल्या सोळाव्या शतकातल्या एका लोकप्रिय प्रकाराला ‘कोबीच्या पानांची हिरवाई’ म्हणत. भिंतभर मोठमोठी, मुरडलेली पानं आणि त्यांच्या आड लपलेले प्राणी. म्हणजे रानपाला हा या गावाचा जुनाच विषय होता.

मध्ययुगीन रीत हरवली कशी? विणकाम तर चालूच होतं ना?

चालू होतं, उलट हात जास्तच सफाईदार झाले होते. दुखणं तिथेच होतं.

अठराव्या शतकात ज्याँ-बातिस्त उद्री हा चित्रकार राजेशाही कारखान्यांचा कारभार पाहू लागला. टॅपेस्ट्री तैलचित्रासारखी हुबेहूब दिसली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याआधी विणकर मूळ चित्राकडे पाहून रंग आपल्या अंदाजानं धरत, सावली कुठे किती घ्यायची ते स्वतः ठरवत. आता त्यांच्याकडून नक्कल मागितली जाऊ लागली. तैलरंगातली हळुवार छटा लोकरीत उतरवायची तर छटांची संख्या वाढवावी लागते आणि धागा बारीक करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात गोब्लांच्या रंगशाळेचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यानं रंगांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात १४,४०० छटा होत्या. शास्त्र म्हणून काम मोठंच. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात, हे त्यानंच समजावून सांगितलं आणि पुढच्या चित्रकारांनी ते उचललं. पण टॅपेस्ट्रीला इतक्या छटांची गरज नव्हती. बारीक छटा आधी उडतात. मग चेहरा फिका, आभाळ गडद, असं काहीतरी विचित्र उरतं. शिवाय एवढं बारीक काम करायला लागणारा वेळ आणि पैसा गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेला.

१९३० च्या दशकात ओब्युसोंचे माग ओस पडायला लागले, त्याला जागतिक मंदी कारण होती हे खरं. पण मंदी नसती तरी तैलचित्राची महागडी नक्कल किती दिवस खपली असती?

ज्याँ ल्युर्सानं असं काय केलं की त्याचं नाव सगळीकडे येतं?

ल्युर्सा (१८९२–१९६६) मुळात चित्रकार. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी त्यानं पश्चिम फ्रान्समधल्या आंजे इथली ‘अपोकॅलिप्स’ (बायबलमधला जगाचा अंत) ही टॅपेस्ट्री पाहिली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौदाव्या शतकाच्या शेवटी आंजूच्या पहिल्या लुई या ड्यूकनं ती विणून घेतली होती. मूळ लांबी सुमारे १४० मीटर, आज त्यातली १०० मीटरच्या आसपास उरली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे करून लोकांनी संत्र्याची झाडं थंडीत झाकायला आणि तबेल्यात वापरले, त्या मानानं पुष्कळच उरली म्हणायची.

ल्युर्साला तिच्यात दिसलं ते असं: रंग मोजके, धागा जाड, सेंटिमीटरला ताण्याचे साधारण ५ धागे. आणि एवढ्यावर सबंध प्रलय उभा केलेला. १९३९ मध्ये सरकारनं त्याला मार्सेल ग्रोमेर आणि प्येर द्युब्रय या चित्रकारांबरोबर ओब्युसोंला पाठवलं. तिथे त्यानं दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, रंगपेटी चाळीसेक छटांपुरती. दोन, रंगवलेल्या चित्राऐवजी आकडे घातलेला आराखडा. प्रत्यक्ष मापाच्या कागदावर फक्त रेषा आणि प्रत्येक भागात लोकरीचा क्रमांक. विणकरानं रंग शोधत बसायचं नाही, चित्रकारानं ‘थोडा निळसर’ असं मोघम बोलायचं नाही. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओब्युसोंच्या कलाशाळेचे संचालक आंत्वान-मार्यूस मार्तां यांनी मोजक्या रंगांचा आणि जाड विणीचा प्रयोग ल्युर्साच्या आधीच सुरू केला होता. ल्युर्साकडे नाव होतं, आवाज होता, ओळखी होत्या, म्हणून सगळं श्रेय त्याच्याकडे गेलं.

त्याची शेवटची मोठी मालिका ‘विश्वाचं गाणं’ १९५७ मध्ये सुरू झाली. दहा पट, एकूण लांबी ८० मीटरच्या घरात, काळ्या पार्श्वभूमीवर अणुबॉम्ब, तारे, द्राक्षं, घुबडं. आता ती आंजेतल्याच एका मध्ययुगीन रुग्णालयाच्या दालनात टांगली आहे.

‘मध्ययुगीन तंत्र’ म्हणतात ते मागावर प्रत्यक्ष कसं दिसतं?

ओब्युसोंचा माग आडवा असतो. गोब्लांचा उभा. आडव्या मागावर विणकर वाकून बसतो, पाय खालच्या पट्ट्यांवर, आराखडा ताण्याच्या खाली पसरलेला. त्याच्यासमोर चित्राची मागची बाजू असते, म्हणून सुटलेली टोकं त्यालाच दिसतात. पुढची बाजू पाहायची तर मागाखाली छोटा आरसा सरकवून धाग्यांच्या फटीतून पाहावं लागतं. शिवाय काम पूर्ण झालेला भाग रुळावर गुंडाळला जातो. म्हणजे आपण विणलेलं सबंध चित्र विणकर पहिल्यांदा पाहतो ते ताणा कापून टॅपेस्ट्री मागावरून उतरवली जाते त्या दिवशी. ओब्युसोंला या कापण्याचा छोटा सोहळाच असतो. चित्रकार येतो, गिऱ्हाईक येतं आणि कात्री बहुधा पाहुण्याच्या हातात देतात.

रंगाचं गणितही जवळून पाहण्यासारखं. समजा कोंबड्याच्या मानेवर पिवळ्यातून तांबड्यात जायचंय. तैलचित्राची नक्कल करणारा मधल्या दहा छटा मागेल. मध्ययुगीन रीतीत मधली छटाच नसते. पिवळ्याची लांब, निमुळती टोकं तांबड्यात घुसवतात आणि तांबड्याची पिवळ्यात, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशी. दोन पावलं मागे सरलं की डोळा स्वतःच नारिंगी रंग तयार करतो. दुसरी युक्ती म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे दोन बारीक धागे एकाच कांडीवर घेऊन विणणं, त्यानं पृष्ठभाग रवाळ दिसतो. दोन रंगांची सीमा उभी सरळ आली की तिथे कापडात फट राहते. मोठ्या फटी मागाहून सुईनं शिवतात, काही मुद्दाम तशाच ठेवतात, कारण त्या फटीची बारीक सावली रेषेचं काम करते.

दोम रोबेर कोण होते?

‘दोम’ हे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथातल्या संन्याशांच्या नावाआधी लागणारं आदरार्थी पद. त्यांचं जन्मनाव गी द शोनाक-लांझाक, जन्म १९०७. पॅरिसच्या सजावटकलेच्या शाळेत शिकले आणि १९३० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या दूर्न्य गावाजवळच्या आं काल्का मठात दाखल झाले. मठात ते चर्मपत्रावर मध्ययुगीन पद्धतीची रंगीत लघुचित्रं काढत. १९४१ मध्ये ल्युर्सा त्या मठात आला, ही चित्रं पाहिली आणि म्हणाला की टॅपेस्ट्रीसाठी आराखडे करा. तिथून पुढे पन्नासेक वर्षं त्यांनी तेच केलं. विणकाम ओब्युसोंलाच होई, आधी ताबार यांच्या मागांवर, नंतर गूब्ली यांच्या.

१९४८ ते १९५८ ही दहा वर्षं ते इंग्लंडमधल्या बकफास्ट मठात होते. डार्टमूरच्या माळावरची मोकळी तट्टं तिथेच त्यांच्या वहीत आली. परत आल्यावर पुन्हा आं काल्का, मठाची शेती, पाठीमागे ‘काळा डोंगर’ म्हणतात ती रांग. १९९७ मध्ये ते गेले.

त्यांच्या कामात ग्रामीण जीवन आहे म्हणतात, पण शेतकरी तर दिसत नाहीत?

बरोबर पाहिलंत. नांगरणी, मळणी, बाजार यांतलं काही नाही. सुरुवातीच्या काही पटांत माणसं आहेत, पुढे ती मागे पडली. मध्ययुगीन टॅपेस्ट्रीत उलट कष्टाची दृश्यं सापडतात. पॅरिसच्या क्ल्युनी संग्रहालयात साधारण १५०० सालच्या सुमाराची द्राक्षतोडणीची एक टॅपेस्ट्री आहे, तीत द्राक्षं तुडवणारे, टोपल्या वाहणारे, सगळे आहेत. पण ते दृश्य वाड्यात बसून पाहणाऱ्यांसाठी विणलेलं, मालकाच्या नजरेतून.

दोम रोबेरांची नजर गुराख्याची आहे. दिवसभर कळपामागे उभं राहणाऱ्या माणसाला जे दिसतं तेच त्यांच्या पटात आहे: शेळीनं मान कशी वळवली, कोंबडी मातीत कशी बसली, कुठलं गवत आधी वाळतं, काट्यावर फुलपाखरू कुठल्या वेळी येतं. ते वही घेऊन शेतात जात आणि एकेका झाडाची, एकेका जनावराची शेकडो रेखाटनं करत. मठात परतल्यावर त्या रेखाटनांतून निवड करून मोठा आराखडा रचत. म्हणून त्यांच्या पटातलं फूल हे ‘फूल’ नसतं, ते एका विशिष्ट झुडपाचं विशिष्ट आठवड्यातलं फूल असतं. मला व्यक्तिशः ल्युर्साच्या सूर्य-ताऱ्यांपेक्षा हे जास्त भावतं. ल्युर्साचा कोंबडा झेंड्यावरचा, दोम रोबेरांचा उकिरड्यावरचा.

‘मिल-फ्लर’ म्हणजे काय आणि आधुनिक चित्रकारांनी त्यात काय बदललं?

शब्दशः ‘हजार फुलं’. पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या सुरुवातीला ही शैली बहरात होती. सबंध पार्श्वभूमीवर छोटी फुलझाडं विखुरलेली, खोली नाही, क्षितिज नाही. सर्वांत ओळखीचं उदाहरण ‘स्त्री आणि युनिकॉर्न’ या सहा टॅपेस्ट्रींचं. त्या ओब्युसोंपासून फार लांब नसलेल्या बूसाकच्या गढीत दमटपणात कुजत पडल्या होत्या, १८८२ मध्ये क्ल्युनी संग्रहालयानं घेतल्या.

त्या लाल जमिनीवरची फुलं ओळखता येतात, पण ती उपटून ठेवल्यासारखी वेगवेगळी आहेत. दोम रोबेरांनी क्षितिज नसण्याची सोय घेतली आणि झाडांना पुन्हा एकमेकांत वाढू दिलं. ‘हजार रानफुलं’ (१९६१) किंवा ‘भरलं शेत’ (१९७०) हे पट पाहा. जवळ आणि लांब यातला फरक आकारानं दाखवलेला नाही, डोळा गवतात शिरतो तसा पटात शिरतो. टॅपेस्ट्रीसाठी ही रचना फार सोयीची, कारण जाड लोकरीला हवेतली खोली दाखवता येत नाही आणि इथे ती कोणी मागतही नाही. मध्ययुगीन विणकरांना हे ठाऊक होतं. उद्रीच्या काळात ते विसरलं गेलं.

खेड्याकडे वळणारे आणखी कोणी?

मार्सेल ग्रोमेर युद्धाच्या काळात ओब्युसोंला राहिला आणि ऋतू, जमीन असे विषय ठोकळेबाज, दणकट आकारांत बसवले. एली मांगोना हे तिथल्या कलाशाळेचे मार्तांनंतरचे संचालक, त्यांनी क्रोझ परिसरातली झाडं-प्राणी घेऊन आराखडे केले. ही नावं पुस्तकांत तळटिपेत जातात, हा अन्यायच.

एकाच आराखड्यावरून किती टॅपेस्ट्री विणतात? त्या ‘प्रती’ मानायच्या का?

फ्रेंच कायद्यानुसार कलाकाराच्या मूळ आराखड्यावरून हातानं विणलेल्या आठपर्यंत टॅपेस्ट्री मूळ कलाकृती मानल्या जातात. खरी-खोटी ओळखायची तर मागे पाहा. कोपऱ्यात कापडाचा एक छोटा तुकडा शिवलेला असतो, त्याला ‘बोल्द्युक’ म्हणतात. त्यावर शीर्षक, माप, कार्यशाळेचं नाव, आठपैकी कितवी ते, आणि चित्रकाराची सही. पुढच्या बाजूला विणलेलं कार्यशाळेचं चिन्हही बहुधा असतं.

हे चित्रकाराचं काम की विणकराचं?

सही चित्रकाराची, हात विणकराचे. एका विणकराला एक चौरस मीटर विणायला साधारण महिना लागतो. पण वेळापेक्षा निर्णय महत्त्वाचे. आराखड्यावरची रेषा लोकरीत पायरी-पायरीनंच उतरते आणि कुठली पायरी कुठे टाकायची हे दर वेळी मागावरच ठरतं. दोम रोबेर विणकरांवर हे सोपवत असत म्हणूनच त्यांची गवताची पाती ताठ वाटत नाहीत. संग्रहालयांच्या पाट्यांवर विणकरांची नावं अजूनही क्वचितच दिसतात.

रंग नैसर्गिक असतात का?

मध्ययुगात अर्थातच होते: लालसाठी मंजिष्ठेच्या जातीतलं मूळ, पिवळ्यासाठी वेल्ड आणि निळ्यासाठी वोड या वनस्पती. योगायोग असा की दोम रोबेरांचा मठ ज्या तूलूझच्या परिसरात आहे तो एके काळी या वोडच्या व्यापारावर गब्बर झाला होता. पुढे भारतातून नीळ आली आणि तो धंदा बसला. आज ओब्युसोंत बहुतेक कृत्रिम रंगच वापरतात, कारण ते उजेडात जास्त टिकतात.

भारताशी काही संबंध आहे का?

थेट असा एकच. ओब्युसोंत टॅपेस्ट्री विणून घेणारा वास्तुकार ल कोर्ब्युझिए यानं चंडीगढच्या उच्च न्यायालयासाठीही प्रचंड टॅपेस्ट्री आखल्या, पण त्या फ्रान्समध्ये नाही, काश्मीरमध्ये विणल्या गेल्या. प्रतिध्वनी कमी व्हावा हा त्यांचा एक हेतू होता. भिंतीला ऊब आणि आवाजाला आळा, हे मध्ययुगीन गढ्यांतलंही टॅपेस्ट्रीचं कामच.

आज ओब्युसोंचे माग चालू आहेत का?

आहेत, संख्येनं थोडे. २००९ मध्ये युनेस्कोनं ओब्युसोंच्या टॅपेस्ट्रीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला आणि २०१६ मध्ये तिथे टॅपेस्ट्रीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उघडलं. संग्रहालय, प्रशिक्षण, विणकाम सगळं एका छताखाली. अलीकडे इंग्रज लेखक टोल्कीनची स्वतःची चित्रं आणि जपानी दिग्दर्शक मियाझाकीच्या अ‍ॅनिमेशनपटांतली दृश्यं त्यांनी विणायला घेतली. त्यामुळे तरुण मंडळी येतात हे चांगलंच, पण पडद्यावरचं चित्र लोकरीत आणताना पुन्हा उद्रीच्या वाटेला तर लागत नाही ना, हा प्रश्न विचारायला हवा.

प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

वेळ कमी असेल तर पॅरिसचं क्ल्युनी आणि रेल्वेनं दीडेक तासावरचं आंजे. आंजेला आधी किल्ल्यातली ‘अपोकॅलिप्स’ पाहा आणि मग नदीपलीकडे जाऊन ल्युर्सा. किल्ल्यातलं दालन रंग जपण्यासाठी बरंच अंधारं ठेवलेलं आहे, आत शिरल्यावर पाचेक मिनिटं नुसतं उभं राहा. ओब्युसोंला पोचायला जरा खटपट आहे: लिमोझपर्यंत रेल्वे, पुढे रस्ता. दोम रोबेरांसाठी थेट दक्षिणेत सोरेझला जायला हवं, जुन्या मठशाळेच्या इमारतीत २०१५ पासून त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. तूलूझहून गाडीनं तासाभराच्या आसपास. आं काल्काचा मठ तिथून जवळच आहे आणि मे-जूनमध्ये गेलात तर पटावरची बरीचशी फुलं रस्त्याच्या कडेलाच भेटतात. तेव्हा आधी संग्रहालय, मग शेत, असा क्रम ठेवा.